करदाता कोण? नैरोबीतून आलेला प्रश्न

२५ जून २०२४ रोजी केनियातील तरुण नैरोबीच्या संसदेत घुसले. निमित्त होते वित्त विधेयकाचे. मूळ मसुद्यात पावावर १६ टक्के व्हॅट होता, गाडीच्या किमतीवर दरवर्षी अडीच टक्के कर होता. राग वाढल्यावर पावावरचा कर वगळला, पण उरलेले विधेयक संसदेने मंजूर केलेच. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी सही नाकारली. जुलैच्या सुरुवातीला तिथल्या मानवी हक्क आयोगाने मृतांचा आकडा ३९ सांगितला.

आम्हाला मोलाचे वाटते ते मोर्चाआधीचे काम. या पोरांनी विधेयक वाचले, स्थानिक भाषांत समजावले, खासदारांचे फोन नंबर वाटले. पावावरचा कर प्रत्येकाला दिसत होता, म्हणून हिशेबही प्रत्येकाने मागितला. नायजेरियासारख्या देशात सरकारचा खर्च अनेक दशके तेलाच्या पैशावर चालला. तिथे सत्तेला लोकांच्या खिशाची, आणि म्हणून लोकांच्या मताचीही, तेवढी गरज पडली नाही.

आपल्याकडे कर वस्तूच्या किमतीत लपलेला असतो. त्यामुळेच शिष्यवृत्ती घेणाऱ्या आपल्या मुलांना 'आमच्या टॅक्सवर शिकता' हा टोमणा ऐकावा लागतो. टोमणा मारणाऱ्याच्या डोक्यात फक्त आयकर असतो. २९९ रुपयांच्या मोबाइल रिचार्जमध्ये सुमारे ४५ रुपये जीएसटी असतो. नाक्यावरचा मजूर आणि कारखान्याचा मालक, दोघांना दर तोच. मग फुकट कोण खातो?

बाबासाहेबांनी १९२५ साली ब्रिटिश इंडियातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. विधिमंडळाला जबाबदार नसलेल्या कार्यकारी सत्तेवर त्यांनी त्यात बोट ठेवले होते.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची बातमी आली. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. 'समाजाचा निधी पळवला' म्हणून आपल्या ग्रुपवर संताप झाला, तो रास्तच होता. पण आपण मागतो कसे? अनुदान मागणाऱ्यासारखे. तो पैसा आपण भरलेल्या करातलाही आहे. योजनेतल्या बहिणींशी आपले भांडण नाही, त्यात आपल्याही आया-बहिणी आहेत. प्रश्न निधी कोणी, कोणाला विचारून हलवला हा आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्येच अनुसूचित जाती उपयोजनेसाठी कायदे केले. तसा कायदा महाराष्ट्रात व्हावा ही आपली मागणी जुनी आहे.

अर्थसंकल्पाची पुस्तके शासनाच्या संकेतस्थळावर असतात. तालुक्यातल्या चार-पाच जणांनी एका रविवारी विहारात बसून सामाजिक न्याय विभागाची पाने काढावीत आणि तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, हे फळ्यावर लिहावे. मग आमदारांना फोन लावावा.