फीट आली, यात त्याची काय चूक?

माढ्याला आमच्या गल्लीत एक दादा होता. त्याला फीट आली की लोक धावत यायचे ते हातात चप्पल नाहीतर कांदा घेऊनच. शुद्धीवर आला की म्हातारी माणसं विचारायची, "काय बघितलंस रं? कुठं गेलतास रातच्याला?" म्हणजे चूक त्याचीच! पुढे सोयरीक मोडू नये म्हणून त्याच्या आईने गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या.

परवा हॉस्टेलवर एका मित्राला सबमिशनच्या रात्री फीट आली आणि तोच सूर ऐकला. "एरवी ठणठणीत असतो, आजच कसं काय? नाटक तर नाही ना?"

मित्रांनो, याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दिलंय. नवजात पिल्लाच्या कवटीला अतिथंड सळई काही सेकंद टेकवली की त्या जागी मेंदूची घडण चुकते. मेंदूच्या वरच्या आवरणात एरवी ६ थर असतात, तिथे ४ च दिसतात. असं पिल्लू खातं, पितं, पळतं. आपणहून झटके सहसा येत नाहीत. पण त्याच्या अंगातली उष्णता वाढवली, की धडधाकट पिल्लापेक्षा लवकर झटके येतात. आणि मेंदूतला भडका बऱ्याचदा बिघडलेल्या जागी नाही, तर तिच्या शेजारच्या, दिसायला ठीकठाक भागात उडतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर दोष वायरिंगमधला, लोड हे फक्त निमित्त. माणसाच्या बाबतीत हा लोड म्हणजे ताप, जागरण, चुकलेली गोळी. प्रत्येक फीटमागे जन्मजात दोषच असतो असं नाही. डोक्याला मार, मेंदूज्वर अशी कारणंही असतात. पण 'एरवी ठणठणीत' आणि 'आज फीट' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

योग्य औषधांनी १० पैकी साधारण ७ जणांच्या फीट थांबू शकतात. पण लपवायचं म्हटलं की गोळी चुकतेच. "सांगितलं तर पोरं चिडवतील" ही भीती खोटी नाही. म्हणून आधी बदलायचं ते आपण. रूम पार्टनरला आणि रेक्टर सरांना माहीत असावं. फीट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. चप्पल पायातच राहू द्या.

कायद्याने १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट काढून टाकली. आपल्या मनातून ती कधी निघणार? एवढं समजावं म्हणून कितीतरी मुक्या जिवांनी प्राण दिलेत. ते समजूनही आपण कांदाच शोधत बसलो, तर ते मरण फुकट गेलं म्हणायचं.