जिद्दीचं तुणतुणं

धामापूर पंचक्रोशीत गॅदरिंग असो की पंधरा ऑगस्ट, पाहुणा हटकून धावणाऱ्या पोराच्या सिनेमावर येतो. ‘बुधिया सिंग: बॉर्न टू रन’ बघा, म्हणतो. जिद्द असली की सगळं जमतं, म्हणतो. मग शाल-नारळ घेऊन गाडीत बसतो. माझं टाळकं सरकतं ते इथे. एक तर या माणसाने तो सिनेमा पाहिलेला नसतो, नाहीतर पाहूनही त्याच्या डोक्यात काही शिरलेलं नसतं.

2016 सालचा सौमेंद्र पाधी यांचा हा सिनेमा वाईट नाही. मनोज वाजपेयीने प्रशिक्षक बिरंची दास असा उभा केलाय, की त्याच्या पाया पडावं की त्याला पोलिसांत द्यावं, ठरत नाही. पण गोष्ट काय आहे? आईने गरिबीपायी आठशे रुपयांना विकलेलं पोर. 2 मे 2006 रोजी, वय वर्षं चार, ते पुरीहून भुवनेश्वरकडे 65 किलोमीटर धावलं. सात तास दोन मिनिटं, तीही ओडिशातल्या मे महिन्यात. मुंबई मॅरेथॉनच्या 42 किलोमीटरला अठरा पूर्ण नसतील तर उभं करत नाहीत! पुढे सरकारने बुधियाच्या धावण्यावर बंदी घातली, पोरगा क्रीडा वसतिगृहात गेला, 2008मध्ये बिरंचीचा खून झाला. जगज्जेता वगैरे कोणी झाला नाही. यातून प्रेरणा घ्यायची म्हणजे करायचं काय, अंगणवाडीतली पोरं कुडाळपर्यंत पळवायची?

मराठीतही तेच. बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावून शर्यत जिंकल्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते. ‘लता भगवान करे’ या सिनेमात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. थेटरात रुमाल भिजले म्हणे. साठी ओलांडलेल्या बाईला दवाखान्याच्या बिलासाठी शर्यत मारावी लागते याचा संताप यायला हवा. आपण डोळे पुसतो आणि पॉपकॉर्न संपवतो.

आता खरा धावणारा सांगतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला. धावायला लागला तो 2015च्या सुमारास, लष्कराच्या क्रॉस कंट्रीत. स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे, वळवलं ते लष्करातल्याच प्रशिक्षकाने. 2022मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण हुकलं सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. 1998पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. जिद्द साबळेकडे होतीच. पण सोबत दोन वेळचं भरपेट जेवण, पगार, शिस्त, बूट आणि डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस होता. सिनेमावाल्यांना मात्र अनवाणी पाय लागतात. पोटभर जेवलेला नायक पडद्यावर शोभत नाही ना!

आणि आमची पोरं? पहाटे तलावाच्या वळणावर या. 1530 साली बांधलेला आमचा तलाव, जागतिक सिंचन वारसा म्हणून नावाजलेला, त्याच्या कडेने पोलीस भरतीची पोरं डांबरावर धावतात. सोळाशे मीटर, 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत. तर वीसपैकी वीस गुण. अंतर मोजलंय मोटारसायकलच्या मीटरवर, शंभरेक मीटर इकडेतिकडे. वर चढ-उतार, समोरून चिऱ्यांचा ट्रक. एकाच्या बुटाची टाच फाटलेली, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. ‘‘काका, पाच चाळीसच्या खाली येवकच नाय,’’ म्हणाला. सकाळपासून पोटात काय? काळा चहा.

त्याला तुम्ही जिद्द शिकवणार? पहाटे साडेचारला उठून तो ती रोज दाखवतो. वर पाच चाळीसचा दोषही त्याच्याच जिद्दीवर टाकून तुम्ही मोकळे होता, हा या प्रेरणेचा खरा धंदा. अपयश आलं की ते पोराचं. मैदान न देणाऱ्यांचं कधीच नाही.

तेव्हा पाहुणे, पुढच्या खेपेला भाषण घरी ठेवा. येताना पन्नास मीटरची टेप, चार जोड बूट आणि तिसेक अंडी आणा. आणि ग्रामपंचायतीकडे चारशे मीटरच्या मुरमी ट्रॅकसाठी लेखी अर्ज करा. खाली पहिली सही तुमची हवी.