आधी हवा, मग पाऊल

जुन्या खाणी, भुयारे यांचे नाव काढताच विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, हा आम्हां शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. आत उतरावयास काय हवे, असे विचारले तर दोर, विजेरी आणि धैर्य ही तीन नावे हटकून ऐकू येतात. हवेचे नाव कोणीच घेत नाही. हवा सर्वत्र सारखीच, हा समज आम्हांस घातक वाटतो. म्हणून हा लेखप्रपंच.

बंद खाणीत वारा खेळत नाही. कुजणारी लाकडे आणि गंजणारी खनिजे तेथील प्राणवायू हळूहळू खाऊन टाकतात. मोकळ्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो; तो निम्म्यावर आला तरी डोळ्यांस काही दिसत नाही, नाकास काही कळत नाही. माणूस मात्र शुद्ध हरपून कोसळतो.

इंग्लंडच्या कोळसा-खाणींनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची जाळी बसविलेला दिवा तयार केला. मिथेन वायू असला की ती ज्योत उंच व निळसर होई; प्राणवायू घटला की विझे. परंतु कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची वार्ता ज्योत देत नाही. त्यासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी लहान प्राणी व पक्षी नेण्याचा मार्ग सुचविला. माणसाआधी कॅनरी पक्षी कोलमडे आणि माणसे माघारी फिरत. ब्रिटनमध्ये १९८६ साली त्या पक्ष्यांची जागा यंत्रांनी घेण्यास आरंभ झाला.

आज मुठीत मावणारे यंत्र प्राणवायू, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड ही चारही मापे दाखविते. मात्र ते आधी तपासून घ्यावे लागते, आणि मापन केवळ तोंडाशी करून भागत नाही. मिथेन हलका म्हणून छताशी साठतो, कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाशी. शिवाय बाहेरील हवेचा दाब उतरला की कोपऱ्यांत दडलेली दूषित हवा बाहेर येते. सकाळी निर्धोक असलेली वाट दुपारी तशीच राहील असे नाही.

आमच्या गोव्यातील लोखंडाच्या खाणी आकाशाखाली उघड्या. भुयारी खाण आमच्या मुलांस क्वचितच भेटेल. पण जुनी विहीर वाड्यावाड्यांत आहे, आणि नियम तोच. विहिरीत आधी पेटता कंदील सोडण्याची वडीलधाऱ्यांची रीत शहाणपणाची खरी, पण अपुरी. दिवा विझला तर उतरू नये, हे निश्चित. दिवा जळतो म्हणून उतरावे, हे मात्र निश्चित नव्हे. विहिरीत इंजिनपंप चालला असेल तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड दिव्यास कळत नाही. मिथेन असेल तर उघडी ज्योतच स्फोट घडवील.

सर्वांत दुःखाची गोष्ट ही की, एक बेशुद्ध पडला की दुसरा मायेपोटी मागोमाग उतरतो, आणि एका घरातून दोघे जातात. अशा वेळी वर थांबून अग्निशामक दलास बोलाविणे फार कठीण असते. तरीही तेच करावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस कळकळीने सांगतो. यंत्र महाग आहे, हे आम्हांस मान्य. पण ज्याच्याजवळ ते नाही, त्याने आत पाऊल टाकू नये. त्यास कोणी भित्रा म्हटले तर खुशाल म्हणो.