एका डिस्कची काटकसर आणि साठ वर्षांची वर्तमानपत्रं

मंडळी, रविवारी आपल्या वाचनालयाची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर सहाव्या नंबरला एक ओळ आहे : 'सर्व्हर खरेदीस मंजुरी देणे.' गेल्या सभांचा अनुभव बघता चहा येईपर्यंत हा विषय मंजूर झालेला असेल. म्हणून आधीच लिहितोय.

गावातल्या जुन्या साप्ताहिकांचे साठ वर्षांचे अंक, दुर्मीळ पुस्तकं, दोन-तीन घराण्यांची दफ्तरं आपण स्कॅन केली. मूळ कागद हात लावला तर तुटतो अशा अवस्थेत आहे. म्हणजे हे स्कॅनच आता मूळ. सगळं मिळून साधारण ४० टीबी. दरपत्रकात १६ टीबीच्या १२ डिस्क आहेत आणि खाली बारीक अक्षरात 'रेड ५'. सगळी गोम तिथे आहे.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधायच्या, म्हणजे एखादी मेली तरी माहिती जात नाही. ही कल्पना १९८८ साली बर्कलेच्या संशोधकांनी मांडली. गणित वाण्याच्या वहीचं आहे. खाली बेरीज लिहिली असेल तर पुसलेला एक आकडा वजाबाकी करून काढता येतो. दोन पुसले तर बसा बोंबलत. रेड ५ मध्ये एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन. आपल्या बारा डिस्कमध्ये रेड ५ ला १७६ टीबी जागा मिळते, रेड ६ ला १६०. फरक एका डिस्कचा.

"दोन डिस्क एकदम कशाला जातील हो?" असं कार्यवाहांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण एक डिस्क गेली की नवी घालून ती भरावी लागते. सेकंदाला २०० एमबी वेग धरला तरी १६ टीबी भरायला २२ तास लागतात, वापर चालू असेल तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ उरलेल्या अकरा डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या. स्टेपनी वापरून झालीय आणि पुढे घाट आहे, अशी ती अवस्था.

मी हे भोगलंय. पूर्वी ज्या ऑफिसात होतो तिथे रेड ५ होतं. सर्व्हरवर पिवळा दिवा कित्येक दिवस लागलेला, सगळ्यांना वाटलं तो तसाच असतो. दुसरी डिस्क गेली तेव्हा कळलं. चार वर्षांचे हिशोब गेले.

आता रेड १० वाले म्हणतील, जोड्या लावा. वेग छान मिळतो, पण जागा निम्मी, ९६ टीबी. आणि एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपलं. आपल्याला वेग नकोय, टिकाव हवाय.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. रेड ६ घेतलं तरी तो बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर उडवलं, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, पाणी शिरलं, आग लागली, तर बाराच्या बारा डिस्क एकदम जातात. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळताना आपण टीव्हीवर बघितलंय. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हवरचा ८५८ टीबी डेटा गेला. बाहेर प्रत नव्हती. आणि तो देश तंत्रज्ञानात आपल्यापुढे!

म्हणून माझं म्हणणं असं. डिस्क बाराच घ्या, पण एका पेटीत कोंबू नका. आठ वाचनालयात, रेड ६ मध्ये : ९६ टीबी, आजच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. चार खण रिकामे ठेवा, पुढे भरू. उरलेल्या चार डिस्क दुसऱ्या साध्या पेटीत, गावाच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर. तिथे रेड ५ चालेल, कारण ती दुसरी प्रत आहे : ४८ टीबी, आजचे ४० मावतात. खर्च वाढतो तो फक्त त्या पेटीचा.

आणि दोन गोष्टी ठरावात लिहूनच घ्या. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्कची पूर्ण वाचन-तपासणी. आणि डिस्क बिघडल्याचा मेसेज दोन माणसांच्या मोबाइलवर, नावानिशी. 'समिती बघेल' असं नको. समिती पिवळा दिवा बघत नाही.

पैसे तुमच्या-आमच्या वर्गणीचे आहेत. रविवारी या, सहाव्या विषयापर्यंत थांबा, आणि एकच प्रश्न विचारा : दुसरी प्रत कुठे आहे?