न ऐकलेली गायिका

शीतल साठे यांचे नाव काढले की रत्नागिरीतील आपल्या ख्रिस्ती घरांतूनही एकच प्रश्न येतो, ‘त्या नक्षलवादाच्या खटल्यातल्या ना?’ त्यांचे एक तरी गाणे पुरते ऐकले आहे काय, असे आम्ही विचारतो, तेव्हा मंडळी विषय बदलतात.

आमची तक्रार या न ऐकण्याविषयी आहे. पुण्याच्या कासेवाडीतील ही मुलगी, २००२ च्या गुजरात दंगलींनंतर उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाची गायिका झाली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. डफाच्या ठेक्यावर मोकळ्या गळ्याने लागणारा तो स्वर एकही शब्द गिळत नाही. आपल्या गायकवृंदांना माइक हाती असूनही हे साधत नाही, हेही नमूद करतो.

२ एप्रिल २०१३ रोजी त्या व पती सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. ही शरणागती नव्हे, अभिव्यक्तीसाठी सत्याग्रह आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नक्षलवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी नाकारला. शीतल तेव्हा गरोदर होत्या. जूनअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. माळी यांच्या जामिनाला २०१७ उजाडले. तेव्हापासून विरोधकांना त्यांच्यात आरोपी दिसते, समर्थकांना वीरांगना. गायिका दोघांच्याही हातून निसटली.

‘गाणाऱ्याने गावे, चळवळीत पडू नये,’ हा उपदेश आम्ही नुकताच सणाच्या तयारीच्या एका बैठकीत ऐकला. उपदेशक सज्जन आहेत. परंतु सायंप्रार्थनेतील मारियेच्या स्तोत्रात सिंहासनांचे आणि रिकाम्या पोटांचे काय होते, ते त्यांनी लूकच्या शुभवर्तमानात काढून पाहावे. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी २०२१ साली कोठडीत असतानाच वारले, तेव्हा डोळे पुसणारे आपणच होतो. आपल्या धर्मगुरूचा तुरुंगवास ही साक्ष, आणि दलित वस्तीतल्या मुलीचा तुरुंगवास हे राजकारण, ही मापे कोणत्या बाजारातली?

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. जलसा आपल्याला परका नाही. सणाच्या कार्यक्रमात अर्धा तास जलशाच्या गाण्यांना द्यावा आणि तेवढा वेळ खटल्याविषयी कोणी बोलू नये, ही आमची सूचना बैठकीने पुढे ढकलली. पुढच्या बैठकीत आम्ही ती पुन्हा मांडणार आहोत.