‘गप्प राहा’ हा कायदेशीर सल्ला नव्हे

मरोळच्या एमआयडीसीतल्या आणि शेजारच्या सीप्झमधल्या कंपन्यांना मनुष्यबळाविषयी सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांनी समलिंगी कर्मचाऱ्यांचा प्रश्न चार वाक्यांत निकालात काढला आहे. लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे कायदाच नाही, म्हणून दाद मागायला जागा नाही. कोर्टात गेलात तर जगजाहीर व्हाल. कंपन्या आता उदार झाल्या आहेत, जून महिन्यात इंद्रधनुषी झेंडेसुद्धा लावतात. आणि मुळात ही खासगी बाब आहे. ती घरात ठेवली तर ऑफिसात त्रास व्हायचे कारणच काय?

यातले शेवटचे वाक्य सर्वांत सभ्य दिसते आणि तेच सर्वांत क्रूर आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांनी हेच केले होते. नागपूरला शिकलेले हे मराठीचे प्राध्यापक अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पाया खालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. त्यांनी कोणाला काही सांगितले नव्हते, मोर्चा काढला नव्हता, वर्गात भाषण केले नव्हते. ते आपल्या घरात होते, दाराआड. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरे घेऊन माणसे त्यांच्या घरात शिरली. दुसऱ्याच दिवशी गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित करण्यात आले. निवृत्ती जवळ आली होती. दुसऱ्याच्या घरात घुसणारे बाहेर मोकळे राहिले आणि आपल्या घरात बसलेला माणूस दोषी ठरला! सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. 1 एप्रिलला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

‘घरातच ठेवा’ म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा ओळीने वाचाव्यात. त्यांनी सांगितलेली अट सिरसांनी तंतोतंत पाळली होती.

हे जुने झाले, 377 कलमाच्या काळातले, असे म्हणून सुटता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. त्यानंतर, जून 2019 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरच्या एका होमगार्डला कामावरून काढण्यात आले. कारण काय, तर जोडीदारासोबतचा त्याचा एक व्हिडिओ पसरला होता. कामातली एकही कसूर नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि त्याला परत कामावर घ्यायला लावले. इथेही गोष्ट घरातली होती. ती ऑफिसात आणली दुसऱ्यांनी.

शिवाय घर ऑफिसात न आणण्याचा हा नियम पाळतो कोण? लग्न ठरले की पेढ्यांचा बॉक्स डेस्काडेस्कावर फिरतो. बारशाला निम्मा विभाग जातो. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात मेडिक्लेमचा फॉर्म मिळतो. त्यात पती किंवा पत्नीचे नाव, जन्मतारीख, मुलांची नावे असे रकाने असतात. दहा वर्षे एकाच जोडीदाराबरोबर संसार करणारा माणूस ते रकाने कोरे सोडतो आणि समोर बसलेली व्यक्ती विचारते, ‘अजून लग्न नाही? घरचे काही बोलत नाहीत?’ या प्रश्नाला रोज नवे खोटे उत्तर शोधावे लागते. बाकी सगळ्यांचा संसार ही ऑफिसातली हौस आणि याचा संसार तेवढा खासगी, ही वाटणी कोणत्या सेवानियमात लिहिली आहे?

आता ‘कायदाच नाही’ या विधानाकडे. खासगी कंपनीला लैंगिक कलावरून भेदभाव करू नको असे थेट बजावणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही, हे खरे. पण त्यावरून दादच नाही हा निष्कर्ष काढणाऱ्याला या देशातला नोकरीविषयक न्याय कसा घडला हे ठाऊक नसावे. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आला 2013 मध्ये. विशाखा खटल्याची मार्गदर्शक तत्त्वे 1997 पासून बंधनकारक होती. सोळा वर्षे बायकांनी ‘कायदा नसताना’ दाद मागितली आणि मिळवली. त्याही आधी, सहार विमानतळाच्या परिसरातच नोकरी करणाऱ्या हवाईसुंदरींना पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडायला लावणारा नियम एका सरकारी विमान कंपनीत होता. तेव्हाही असेच शहाणे सांगत होते की नियम माहीत असूनच नोकरी पत्करलीत, आता तक्रार कसली? 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदावर घासून पाहिला आणि मोडीत काढला. ज्यांनी कायदा होण्याची वाट पाहिली नाही, त्यांच्यामुळेच पुढे कायदे झाले.

सरकारी खाते, सरकारी बँक, महापालिका, सार्वजनिक उपक्रम यांतल्या कर्मचाऱ्याचा मार्ग तर सरळ आहे. अनुच्छेद 14, 15, 16 आणि 21 यांच्या आधारे उच्च न्यायालयात किंवा प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येते. अनुच्छेद 15 मधल्या लिंग या शब्दात लैंगिक कलही येतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालापासून मांडले गेले आणि 2018 च्या निकालात पक्के झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या कायद्याचा असाच अर्थ लावला तो त्यानंतर, जून 2020 मध्ये. तेव्हा हे अमेरिकेचे अनुकरण आहे हा आक्षेप कालक्रमातच पडतो.

खासगी कंपनीतल्या माणसासाठी महाराष्ट्रात 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम आहे. कामगार वकील ज्याला ‘यूएलपी टाकणे’ म्हणतात ते हेच. या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने किंवा खोटी कारणे दाखवून काढून टाकणे, धोरणाच्या नावाखाली द्वेषाने बदली करणे, गुणवत्ता न पाहता पक्षपात करणे या सगळ्या अनुचित प्रथा ठरवल्या आहेत. लैंगिक कल हा शब्द तिथे नाही. त्याची गरजही नाही, कारण काढून टाकणाऱ्याच्या पत्रातही तो कधी नसतो. पत्रात असते ‘संस्थेच्या संस्कृतीशी जुळत नाही’, ‘कामगिरी समाधानकारक नाही’. मागच्या तीन वर्षांची चांगली मूल्यांकने त्या पत्राशेजारी ठेवली की खोटे कारण उघडे पडते. मात्र तक्रार साधारणपणे नव्वद दिवसांत करावी लागते. हा कायदा कामगारांसाठी आहे, पण कामगार कोण, हे पदनामावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरते. कार्डावर असिस्टंट मॅनेजर छापले म्हणून हा दरवाजा आपोआप बंद होत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि तिच्यातही अनुचित प्रथांची यादी आहे. कोणता मार्ग धरायचा ते वकिलाला विचारून ठरवावे. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जे खरोखर व्यवस्थापक आहेत, त्यांना नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा राहतो. तो मार्ग लांबचा आहे आणि नोकरी सहसा परत मिळत नाही.

कर्मचारी स्त्री असेल आणि तिच्या कलावरून लैंगिक शेरेबाजी होत असेल, तर 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते. त्रास देणारी व्यक्ती स्त्री असली तरी चालते, असे कोलकाता उच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे. पारलिंगी कर्मचाऱ्यांसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आहे, तो खासगी आस्थापनांनाही लागू आहे. खासगी शाळांनी नाकारलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये भरपाई दिली.

कोर्टात गेले की जगजाहीर होते? 1997 मध्ये एका सार्वजनिक उपक्रमाने एचआयव्हीच्या कारणावरून नाकारलेल्या हंगामी कामगाराचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. न्यायालयाने त्याला नाव झाकून लढू दिले. निकालात तो फक्त ‘एमएक्स’ आहे. तो जिंकला. नाव गुप्त ठेवण्याची विनंती पहिल्याच अर्जात करता येते, आणि ती करायला सांगणे हे सल्लागाराचे काम आहे.

झेंड्यांविषयी एवढेच की लॉबीतला झेंडा कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. सेवानियमांतले एक वाक्य चालते.

म्हणून मागणी त्या वाक्याची हवी. मरोळमधल्या प्रत्येक कंपनीने नियुक्तिपत्रात आणि सेवानियमांत लैंगिक कलावरून भेदभाव होणार नाही असे लिहावे. तक्रार ऐकणारी व्यक्ती नेमावी. मेडिक्लेमच्या फॉर्मात जोडीदाराचा रकाना घालावा. आणि संसदेने समतेचा सर्वंकष कायदा करावा. असे एक खासगी विधेयक लोकसभेत येऊन गेले, त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही पुढाकार घेता येईल.

तोवर ज्याच्या हातात कामावरून काढल्याचे पत्र पडेल त्याने रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नये. पत्र, मूल्यांकने, मेसेज यांच्या प्रती ऑफिसच्या लॅपटॉपबाहेर काढून ठेवाव्यात, पत्रावरची तारीख पाहावी आणि त्याच आठवड्यात कामगार वकिलाला गाठावे.