अदृश्य भिंतीचे बांधकाम

ज्या वास्तूत पावसाळ्यात गळती होत नाही तिला वास्तू कशाला म्हणायचे, असा सवाल आर्किटेक्ट मंडळींच्या गप्पांत हमखास निघतो. हेडसेट लावून पाहायची आभासी इमारत म्हणजे त्यांच्या लेखी सिनेमाचा सेट. तिला वजन नाही, वारा नाही, ठेकेदार नाही की महापालिकेची परवानगी नाही. त्यातून ती एखाद्या थोर माणसाच्या विचारांचे प्रतीक म्हणून रचायची म्हटली की मग हसूच फुटते. विचार वाचायचे असतात, त्यांत फेरफटका कसला मारायचा?

हसणाऱ्यांनी एत्येन-लुई बुले या फ्रेंच वास्तुकाराची गोष्ट आठवावी. १७८४ साली त्याने न्यूटनचे स्मारक कागदावर काढले. सुमारे दीडशे मीटर व्यासाचा पोकळ गोल, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडलाही खाली बघायला लावणारा. तो उभा करण्याची ऐपत त्या काळच्या कोणत्याच गवंड्यात नव्हती. न्यूटनचा देह तर १७२७ पासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत होता. म्हणजे समाधी म्हणूनही या इमारतीची कोणाला गरज नव्हती.

पण तिच्या आत काय घडते ते पाहा. बाहेर दिवस असला की आत रात्र: गोलाच्या कवचाला पाडलेल्या भोकांतून येणारा उजेड चांदण्यांसारखा दिसतो. बाहेर रात्र झाली की मधोमध टांगलेला मोठा दिवा आत दिवस करतो. ही झाली डोळ्यांची मेजवानी. मला मात्र बुलेची खरी हुशारी पायांच्या हिशेबात दिसते. माणूस अंधाऱ्या बोगद्यातून गोलाच्या तळाशी येतो आणि सगळीकडून भिंत वर वळत गेलेली असते. जवळ जाऊन हात लावावा असे काही नाही, मागे सरावे तर तिथेही तोच चढ. तळाशी, शवपेटीपाशी उभे राहण्याखेरीज त्याला गत्यंतर उरत नाही. ज्याने गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगितला त्याच्या स्मारकात येणाऱ्याला जागच्या जागी धरून ठेवले आहे. सफरचंद नाही, न्यूटनचा चेहराही नाही. वीट न लागलेली ही इमारत वास्तुकलेचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. तेव्हा वजनाचा आक्षेप निकालात निघाला असे मी धरून चालतो.

खरे तर मला जास्त राग येतो तो आभासी वास्तूच्या भक्तांचा. ‘आमच्याकडे गुरुत्वाकर्षणच नाही, काहीही करता येते’, ही त्यांची फुशारकी. आणि त्या ‘काहीही’तून निघते काय? ढगांत तरंगणारा अर्धपुतळा, भिंतीवर चमचमणारी सुवचने, मागे तुतारी. चौकातला पुतळा संगणकात नेला एवढेच, वर चौकातल्यासारखी कावळ्यांचीही सोय नाही. थोर माणसाचा विचार त्यात औषधालाही सापडत नाही.

आता जरा जड आक्षेप. असल्या वास्तूत थोरांच्या तोंडी कोणाचेही शब्द घालता येतात, असे काही जण म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने मीच पुरावा देतो. १९३८ साली ज्युसेप्पे तेराञ्यी आणि पिएत्रो लिंजेरी यांनी रोमसाठी ‘दान्तेउम’ रचले, दान्तेच्या महाकाव्याची इमारत. सुरुवातीला शंभर खांबांचे दाट रान. मग नरकाचे दालन, त्यात क्रमाने बारीक होत जाणारे सात खांब, जाड खांबाच्या माथ्यावर छताचा मोठा चौकोन आणि बारकावर छोटा. शेवटी स्वर्गात तेहतीस काचेचे खांब. कवितेचे आकडे आणि चढण आराखड्यात इतकी नेमकी उतरवलेली दुसरी रचना मला माहीत नाही. पण याच इमारतीत साम्राज्याला वाहिलेली एक लांब वाटही आहे, आणि आराखडा मंजुरीसाठी गेला तो मुसोलिनीकडे. युद्ध आले आणि इमारत कागदावरच राहिली. दान्तेच्या खांद्यावर हुकूमशहाचा झेंडा रोवला गेला, हे मी नाकारत नाही.

मात्र यावरून प्रतीकात्मक वास्तूच नको असे ठरत असेल, तर ग्रंथांचीही धडगत नाही. सोयीची वाक्ये उचलण्याचा धंदा त्यांच्यावर जास्त चालतो. त्यापेक्षा वास्तूला कसोटी लावावी. नाव झाकल्यावर, फोटो काढून टाकल्यावर, त्या माणसाचा विचार चालणाऱ्याच्या पायांना कळतो का? साबरमती आश्रमातले चार्ल्स कोरियांचे संग्रहालय (१९६३) या कसोटीला उतरते. सहा बाय सहा मीटरचे साधे चौक, विटांचे खांब, वर कौले, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी पट्ट्या, मध्ये पाणी. कुठेही भव्य दरवाजा नाही आणि गरज पडेल तसा चौक वाढवता येतो. गांधीजींचे नाव न घेता ती इमारत गांधींबद्दल बोलते.

कोरियांच्या हाती विटा होत्या. संगणकात रचणाऱ्याच्या हाती विटा नसल्या तरी नियम असतात, आणि हे साहित्य कोणत्याही गवंड्याला कधी मिळाले नव्हते. गेम इंजिनात कोणालाही न दिसणारी भिंत घालता येते. समोर मोकळी वाट दिसते, पण पाऊल पुढे पडत नाही.

या भिंतीने महाडचे चवदार तळे रचता येईल. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, आणि तरीही अस्पृश्यांना पाणी मिळेना. फलक ‘खुले’ म्हणतो, पायऱ्या दिसतात, पाणी दिसते, आणि पहिल्याच पायरीवर पाय अडतो. ही अवस्था दगडात दाखवता येत नाही. आभासी वास्तूत ती एका ओळीच्या नियमाने दाखवता येते.

इथे एक धोका आहे. हेडसेट घालून दहा मिनिटे ‘अस्पृश्यतेचा अनुभव’ घ्यायचा आणि मग कॅन्टीनमध्ये जायचे, असला तमाशा व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून वेदनेची नक्कल नको, बाबासाहेब आंबेडकरांच्या कृतीतला विचार नियमात आणावा. २० मार्च १९२७ ला ते एकटे तळ्यावर गेले नव्हते, महाडच्या परिषदेला जमलेला समुदाय त्यांच्याबरोबर चालत गेला होता. तेव्हा भिंत सरकेल ती पुरेशी माणसे एकाच वेळी, एकमेकांच्या संगतीने पायऱ्या उतरतील तेव्हाच. आणि एकदा सरकली म्हणून कायमची सरकणार नाही. त्या दिवसानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले, डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आला, आणि तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ उजाडले. आभासी तळ्यानेही दर वेळी पुन्हा बंद व्हावे.

या तळ्यावर पुतळा कुठे आहे, असे विचारणारे येतील. कितीही महागडा हेडसेट घेऊन एकट्याने आलेल्याला पाणी का मिळत नाही, अशी तक्रारही येईल. प्रोग्रामरने ती दोष म्हणून नोंदवून घेऊ नये.